चाळिसावा वाढदिवस, तोही उतरणीवर

चाळिसावा वाढदिवस म्हटला की आपल्याकडचा बेत साधारण ठरलेला असतो. हॉल, केक, जुन्या फोटोंची चित्रफीत आणि शेवटी कुणाचं तरी लांबलेलं भाषण. अलीकडे त्यात परदेशातल्या ट्रेकची भर पडली आहे. कुणी एव्हरेस्ट बेस कॅम्पला जातं, कुणी किलिमांजारोला, तर युरोपात स्थायिक झालेली आपली मंडळी आल्प्समध्ये. 2024 सालच्या नोव्हेंबरात माझ्या नवऱ्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाला आम्ही दोघं नेपाळमध्ये अन्नपूर्णा बेस कॅम्पचा ट्रेक करून आलो. तेव्हापासून मंडळातल्या मैत्रिणींचे फोन सुरू आहेत. खर्च किती आला? बूट कुठले घेतले? मुलीला कुठे ठेवलं?

ही सगळी उत्तरं पुढे देते. पण मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. जोडीदाराला वाढदिवसाची भेट म्हणून ट्रेक द्यायचा असेल, तर तो सरप्राइज म्हणून देऊ नका. घड्याळ किंवा साडी डब्यातून काढून हातात ठेवता येते. डोंगर मात्र ज्याचा वाढदिवस आहे त्यालाच स्वतःच्या पायांनी चढायचा असतो आणि विरळ हवेत त्याच्याच छातीला झेपायचा असतो. म्हणून बेत त्याच्यासोबत बसून आखायला हवा, आणि त्यात सगळ्यात पुढे तारीख किंवा शिखर नको, तो माणूस हवा.

वसंत आम्हाला चालतच नाही

आम्ही शिरगावचे. डिचोली तालुक्यातलं आमचं गाव गोव्याबाहेर दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं, श्री लईराईची जत्रा आणि लोहखनिजाच्या खाणी. आमच्या बेतात या दोन्ही गोष्टी आल्या.

नेपाळात ट्रेकिंगचे हंगाम दोन. मार्च ते मे हा पहिला, आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दुसरा. लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, म्हणजे नेमकी पहिल्या हंगामात येते. नवरा देवीचा धोंड आहे. जत्रेआधीचं सोवळं, तळीवरची आंघोळ, हातात वेताची काठी आणि पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालणं, यातलं काहीही त्याने कॉलेजच्या वर्षांपासून चुकवलेलं नाही. त्यामुळे वसंत बाद झाला. त्यातच अन्नपूर्णेच्या या वाटेवर देउरालीच्या आसपास हिमप्रपाताचा धोका वसंतात जास्त असतो, हे वाचल्यावर देवीनेच निर्णय सोपा केला असं सासूबाई म्हणाल्या.

मग चवथ, दिवाळी आणि नरकासुर आटोपून नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं ठरलं. नवऱ्याचा वाढदिवस 18 नोव्हेंबरला, तेव्हा तारीख जुळत होती. गावात कुणीतरी म्हणालंच, “निखाऱ्यांवरून चालणाऱ्याला बर्फाची कसली भीती?” पण निखारे काही क्षणांत ओलांडून होतात. विरळ हवेत आठवडाभर झोपायचं, जेवायचं आणि चालायचं असतं, त्याची तयारी निराळी.

त्रेचाळीसची भीती

या बेताला मौजेपलीकडचं एक कारण होतं. माझे सासरे हृदयविकाराने गेले तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. नवरा याविषयी कधी बोलत नसे, पण चाळिशी जवळ येऊ लागली तसा त्याने रक्तदाब मोजणंही सोडून दिलं. तो पूर्वी खाणीवर यंत्रं सांभाळायचा. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, मग काही काळ सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. दुसऱ्या वेळी त्याने डिचोलीत स्वतःचं गॅरेज टाकलं. तेव्हापासून सलग दोन दिवसांची सुट्टी त्याने घेतलेली मला आठवत नाही. “डॉक्टरकडे चल” म्हटलं की गॅरेजमध्ये हमखास एखादी गाडी उभी असायची.

ट्रेक ठरला मे महिन्यात, जत्रा झाल्यावर. मी एकच अट घातली. तिकीट काढण्याआधी दोघांचीही पूर्ण तपासणी करायची. स्वतःच्या काळजीपोटी जो माणूस दवाखान्याची पायरी चढत नव्हता, तो डोंगरासाठी मुकाट्याने आला. म्हापशातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी ईसीजी, इको आणि ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट केली. हृदय ठीक होतं. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. गोळ्या सुरू झाल्या, मीठ आणि रात्रीचं जेवण कमी झालं. डॉक्टरांनी ऑक्टोबरात पुन्हा बोलावलं आणि म्हणाले, “आकडे सुधारले तर जा.” आकडे सुधारले. त्या संध्याकाळी दवाखान्यातून बाहेर पडल्यावर नवरा गाडीत पाच मिनिटं नुसता बसून राहिला. वाढदिवसाची खरी भेट त्याला तिथेच मिळाली असं मला आजही वाटतं.

सासूबाईंची परवानगी मिळवणं सगळ्यात अवघड होतं. “थंडी किती असेल गो तिथे?” असं त्या विचारायच्या, पण प्रश्न थंडीचा नव्हता हे आम्हाला कळत होतं. नवऱ्याने तपासणीचे कागद त्यांच्यासमोर ठेवले आणि एकेक ओळ वाचून दाखवली. नंतर त्यांनी एवढंच विचारलं, “बरं वाटलं नाही तर परत याल ना?” आमच्या बेताचा पहिला नियम त्यातूनच तयार झाला.

एव्हरेस्ट की अन्नपूर्णा?

आधी सगळे एव्हरेस्ट बेस कॅम्पच सुचवत होते. नाव मोठं, फोटो मोठा. पण ती जागा 5,364 मीटरवर आहे. शरीराला सवय होण्यासाठीचे थांबे धरले तर चालण्यातच बारा-तेरा दिवस जातात, आणि लुक्लाचं विमान हवामानामुळे अडकलं तर आणखी. माझ्याकडे नऊ रजा होत्या, आणि समुद्रसपाटीला वाढलेली दोन शरीरं.

अन्नपूर्णा बेस कॅम्प 4,130 मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे हा तळही त्याच्या अडीच पट उंचीवर. गोव्यातला सर्वांत उंच सोसोगड तर हजार मीटरच्या थोडा वर. आमच्यासाठी एवढं साहस पुरेसं होतं. अन्नपूर्णेचं मुख्य शिखर 8,091 मीटर. आठ हजार मीटरवरचं, माणसाने सर्वप्रथम सर केलेलं शिखर ते हेच. फ्रेंच गिर्यारोहक 3 जून 1950 रोजी तिथे पोचले. साताऱ्याची प्रियांका मोहिते 16 एप्रिल 2021 रोजी त्यावर उभी राहिली. अन्नपूर्णेवर पोचलेली ती पहिली भारतीय महिला. या चढाया उत्तर बाजूने झाल्या. आपण ट्रेकला जातो तो दक्षिणेकडचा तळ, चहूबाजूंनी शिखरांनी वेढलेलं एक मोठं खोरं.

निवड करताना आम्ही दोन प्रश्न विचारले. रजेत बसून एक दिवस शिल्लक राहतो का? आणि तब्येत बिघडली तर त्याच दिवशी पायी खाली उतरता येतं का? अन्नपूर्णेच्या वाटेवर दर दोन-तीन तासांनी लॉज आहेत आणि काही तासांत हजार मीटर खाली येता येतं. या दोन प्रश्नांची उत्तरं ‘हो’ आली, तिथेच निवड संपली.

कागद, पैसे, पाय

भारतीय नागरिकांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, आधार कार्ड चालत नाही. तुमच्याकडे अमेरिकेचा किंवा युरोपातला पासपोर्ट असेल तर काठमांडू विमानतळावर व्हिसा मिळतो. पंधरा दिवसांचे 30 डॉलर, तीस दिवसांचे 50. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचं प्रवेशपत्र सार्क देशांच्या नागरिकांना 1,000 नेपाळी रुपयांना आणि इतर परदेशीयांना 3,000 ना मिळतं. भारताचा एक रुपया म्हणजे नेपाळचे 1.6, तेव्हा आपल्याला ते 625 रुपयांना पडतं. एप्रिल 2023 पासून परदेशी ट्रेकर्सनी परवानाधारक गाईड घ्यावा असा नियम आहे. नियम नसता तरी आम्ही घेतलाच असता.

विम्याचे कागद मात्र नीट वाचा. अनेक प्रवास विम्यांत ठरावीक उंचीवरचं ट्रेकिंग वगळलेलं असतं. पॉलिसीत उंचीची मर्यादा किती आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च आहे का, या दोन ओळी शोधा. आमचा दोघांचा सगळा खर्च, विमान, गाईड, पोर्टर, लॉज, जेवण आणि बूट धरून एक लाख सत्तर हजारांच्या आसपास गेला. हॉल, कॅटरर आणि दीडशे पाहुणे यांचा हिशेब मी मांडून पाहिला होता. फार फरक नव्हता.

सरावाबद्दल बोलायचं तर विरळ हवेचा सराव गोव्यात शक्यच नाही. पण या वाटेची दुसरी परीक्षा पायऱ्यांची आहे. छोम्रोंग गावातून ओढ्यापर्यंत दगडी पायऱ्या उतरायच्या आणि पलीकडे सिनुवाला तेवढ्याच चढायच्या, परतीला पुन्हा तेच. म्हणून जूनपासून आम्ही पायऱ्याच धरल्या. मी पणजीला ऑफिसात लिफ्ट सोडली आणि आठवड्यातून दोनदा आल्तिनोच्या पायऱ्या चढू-उतरू लागले. रविवारी दोघं मिळून मये तलावाच्या बाजूने चालायचो, मुसळधार पावसातसुद्धा. पाऊस ओसरल्यावर चंदगडजवळच्या पारगडावर पाठीवर आठ किलो घेऊन दोनदा गेलो. चढताना दम लागतो, पण गुडघे उतरताना बोलतात. उतरण्याचा सराव विसरू नका.

त्या पाच महिन्यांत आम्ही दोघं जेवढं बोललो, तेवढं त्याआधीच्या पाच वर्षांत बोललो नसू. खाणी बंद झाल्यावरच्या पहिल्या पावसाळ्यात त्याला काय वाटलं होतं, हे मला पारगड उतरताना कळलं.

वाढदिवस उतरणीवर

आता वेळापत्रक. बहुतेक जण वाढदिवसाच्या दिवशीच बेस कॅम्पवर पोचायचं ठरवतात. पाटीसमोर केक, फोटो, सगळं जुळून येतं. आम्ही मुद्दाम तसं केलं नाही. त्या तारखेला ती जागा गाठायचीच असं ठरलं, की डोकं दुखत असलं तरी माणूस सांगत नाही, आणि जोडीदार ओळखूनही गप्प बसतो. विरळ हवेच्या आजारात हे गप्प बसणंच घातक ठरतं.

म्हणून वाढदिवस उतरणीवर ठेवला. 18 तारखेला आम्ही जिनू दांडा इथे असायचं. सुमारे 1,780 मीटरवरचं हे गाव. खाली नदीकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत. बेस कॅम्प गाठलेला असो वा नसो, वाढदिवस कुंडातच. “चाळिशी म्हणजे उतरणच की,” असं भावोजी म्हणाले. आम्ही ते हसून मान्य केलं.

बाकीचे दिवस असे मांडले. 9 तारखेला मोपच्या विमानतळावरून दिल्लीमार्गे काठमांडू, 10 ला पोखरा. 11 ला जीपने जिनूखालच्या रस्त्यापर्यंत आणि तिथून जवळपास तीनशे मीटर लांबीचा झुलता पूल ओलांडून छोम्रोंग. 12 ला दोभान, 13 ला देउराली, 14 ला माछापुच्छ्रे बेस कॅम्प, 15 ला अन्नपूर्णा बेस कॅम्पवर मुक्काम. मग तीन दिवस उतरण. यात बेस कॅम्पवरचा मुक्काम ऐच्छिक ठेवला. गरज पडली तर तो सोडून एक दिवस विश्रांतीला वापरायचा. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना हे नवं नाही. नवं काही सुरू करण्याआधी मागे कसं यायचं ते आम्ही लिहून ठेवतो.

डॉक्टर सांगतात ते साधं आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नको. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं यातलं काही असेल तर बरं वाटेपर्यंत वर जायचं नाही. वाढत असेल तर खाली उतरायचं. झोक जात असेल, बोलणं अडखळत असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल तर सकाळची वाट न पाहता लगेच उतरायचं. 4,130 मीटरवर हवेतून मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या सुमारे साठ टक्के असतो. कुणाला त्रास होईल हे वयावरून किंवा दंडाच्या मापावरून सांगता येत नाही.

आम्ही दोघांत तीन नियम केले. रोज सकाळी आणि रात्री एकमेकांना डोकं, पोट, झोप विचारायचं आणि खरं सांगायचं. दोघांपैकी कुणीही ‘पुरे’ म्हणालं तर दुसऱ्याने कारण विचारायचं नाही. आणि गाईड थांबा म्हणाला तर चर्चा नाही.

तेराव्या तारखेची रात्र

हे नियम 13 तारखेला देउरालीत उपयोगी पडले. रात्री दालभात पुढे आला आणि नवऱ्याने ताट सरकवलं. मी विचारलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “डोकं दुखतंय. दुपारपासून.” गाईडने प्रश्न विचारले, पाणी प्यायला लावलं आणि सांगितलं, “उद्या इथेच.” आदल्या दिवशीच्या मुक्कामापेक्षा आम्ही सहाशे मीटर वर आलो होतो, तेव्हा आश्चर्य नव्हतं. पण त्या रात्री आमच्या खोलीत तिसरं कुणीतरी होतं, त्रेचाळिसाव्या वर्षी गेलेले बाबा. नवरा अंधारात म्हणाला, “हे छातीचं नाही, डोक्याचं आहे. डॉक्टरांनी पाहिलंय.” तो मला समजावत होता की स्वतःला, कोण जाणे. ते कागद आमच्या पिशवीत होते, एवढा आधार होता.

14 तारीख आम्ही देउरालीत काढली. दुपारपर्यंत डोकं उतरलं, संध्याकाळी भूक लागली. आमच्याबरोबर वर आलेला मोठा गट सकाळीच पुढे गेला होता. त्याचं वाईट वाटलं नाही, कारण हा दिवस आम्ही घरूनच या कामासाठी आणला होता.

15 तारखेला हळूहळू माछापुच्छ्रे बेस कॅम्पला पोचलो. ती त्रिपुरारी पौर्णिमा होती. आमच्याकडे साखळीला विठ्ठलापूरच्या वाळवंटीत त्या रात्री नौका सोडतात, आणि आमची आठ वर्षांची मुलगी आत्याबरोबर ते पाहायला गेली होती. इकडे माछापुच्छ्रे चांदण्यात उभा होता. 6,993 मीटरचं, माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं हे शिखर गुरुंग लोक पवित्र मानतात. 1957 मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक माथ्याच्या जेमतेम पन्नास मीटर खालपर्यंत गेले आणि तिथून मागे फिरले. त्यानंतर त्यावर चढायला परवानगी दिलेली नाही. छोम्रोंगच्या पुढे या खोऱ्यात मांसही नेत नाहीत. नवऱ्याला ही रीत फार आवडली. जत्रेच्या सोवळ्यात वाढलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागली नाही.

16 ला पहाटे निघून दोन तासांत अन्नपूर्णा बेस कॅम्प गाठला. तासभर थांबलो. मुक्काम न करता उतरायला लागलो आणि संध्याकाळी दोभानला आलो. 18 तारखेला जिनूच्या गरम कुंडात गुडघे बुडवून बसलेला माझा चाळीस वर्षांचा नवरा म्हणाला, “घरी फोन लाव.” सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “खाली आलात ना?” शुभेच्छा त्यानंतर.

तुमच्या घरी कुणाची चाळिशी किंवा पन्नाशी जवळ आली असेल आणि मनात डोंगर असेल, तर तारखेच्या सहा महिने आधी जोडीदाराला सांगा. आधी डॉक्टर, मग कॅलेंडर, मग नकाशा, बूट सगळ्यात शेवटी. मुलांना आणि घरच्या मोठ्यांना वेळापत्रकाची प्रत द्या, आणि वर नेटवर्क नसलं की दोन-दोन दिवस निरोप येत नाही हेही सांगून ठेवा. वाढदिवस मात्र उतरणीवर ठेवा.

नवऱ्याची पुढची तपासणी एप्रिलात आहे. तारीख त्याने स्वतः घेतली आहे, जत्रेच्या आधीची.